नववीतलं लेझीम आणि मेंदूतलं मायलिन

जून उजाडला की माध्यमिक शाळांच्या पालकसभांत एक मागणी हमखास येते. "नववीला गेलाय आता, सर. लेझीम, नाटक, विज्ञान मंडळ, सगळ्यातून नाव काढा. दहावी झाली की करेल काय करायचं ते." आई-वडिलांची काळजी खरी असते. पण तिच्यामागे एक समज दडलेला असतो, की मेंदू एव्हाना घडून झाला आहे, आता त्यात फक्त अभ्यास भरायचा. हा समज चुकीचा आहे.

अमेरिकेत जे गीड या मेंदू-संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांचे काही वर्षांच्या अंतराने एमआरआय काढले आणि १९९९ साली निष्कर्ष छापले. मेंदूच्या पुढच्या भागातलं करडं द्रव्य, म्हणजे चेतापेशी आणि त्यांच्या जोडण्या, अकरा-बाराव्या वर्षापर्यंत वाढतं, मग कमी होऊ लागतं. पांढरं द्रव्य, म्हणजे या पेशींना जोडणारे तंतू, मात्र वाढतच राहतं. बेत आखणं, मोह आवरणं, परिणामांचा विचार करणं ही कामं पाहणारा कपाळामागचा भाग सगळ्यांत शेवटी, विशी ओलांडल्यावर पक्का होतो. करड्या द्रव्याच्या छाटणीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला सांगायचं आहे ते पांढऱ्याबद्दल, कारण मुलं शाळेत काय करतात याच्याशी त्याचा संबंध फार थेट आहे.

हा पांढरा रंग मायलिनचा. कोरड्या वजनात सुमारे ७० टक्के स्निग्ध पदार्थ असलेलं हे पटल. ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी आपल्या फांद्यांची टोकं पसरट करून चेतापेशीच्या अक्षतंतूभोवती, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या लांब धाग्याभोवती, थरावर थर गुंडाळतात. आवरण सलग नसतं, ठरावीक अंतरावर तंतू उघडा राहतो. या उघड्या जागांना रॅनव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव आहे. आवरणाखालून संदेश झपाट्याने सरकतो आणि उघड्या जागी पुन्हा जोर धरतो. वाडी-वाडीला थांबणारी एसटी आणि मोजके थांबे घेणारी जलद गाडी, असा हा फरक. उघड्या बारीक तंतूतून संदेश सेकंदाला साधारण एक मीटर जातो. शरीरातल्या जाड, मायलिनयुक्त तंतूंत हाच वेग शंभर मीटरपर्यंत पोहोचतो.

मायलिन नसतं तर? उघड्या तंतूत वेग जाडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट हवा तर तंतू चौपट जाड हवा, दहापट हवा तर शंभरपट. स्क्विड हा समुद्री प्राणी याच वाटेने गेला. त्याचा सर्वांत मोठा अक्षतंतू जवळजवळ एक मिलिमीटर जाड असू शकतो आणि तरी वेग सेकंदाला पंचवीस मीटरच्या आसपास. आपल्या कवटीत असे अब्जावधी तंतू मावणारच नाहीत. मायलिन चढलं की वेग जाडीच्या सरळ प्रमाणात वाढतो, म्हणून बारीक तंतूंवरही भागतं.

पण मला वेगाहून जास्त भुरळ घालते ती वेळ साधण्याची किमया. लेझीम पथक डोळ्यांसमोर आणा. हलगीचा ठेका कानावर पडतो, उजवा पाय पुढे पडतो, कंबर वाकते आणि त्याच क्षणी हातातल्या चकत्या झणझणल्या पाहिजेत. कानाचा संदेश, पायाचा, मनगटाचा, शेजाऱ्याकडे पाहणाऱ्या डोळ्याचा, सगळ्यांचे रस्ते वेगवेगळ्या लांबीचे. दहा सेंटिमीटरचा रस्ता सेकंदाला एक मीटर वेगाने कापायला १०० मिलिसेकंद लागतात, दहा मीटर वेगाने १०. एवढ्या फरकाने ठेका चुकतो. मेंदू हा फरक कुठे आवरण जाड करून, कुठे थांब्यांमधलं अंतर बदलून जुळवू शकतो.

मग कोणत्या तंतूवर आवरण चढवायचं, हे ऑलिगोडेंड्रोसाइट पेशीला कसं कळतं? संदेश वाहणारा तंतू वाटेतही ग्लुटामेट हे रसायन सोडतो. डग्लस फील्ड्स यांच्या प्रयोगशाळेने २०११ साली दाखवलं, की ते पोहोचलं की ऑलिगोडेंड्रोसाइट त्या ठिकाणीच मायलिनचं एक महत्त्वाचं प्रथिन बनवू लागते. थोडक्यात, वापरात असलेल्या वाटेला प्राधान्य मिळतं.

२०१४ साली लंडनच्या विल्यम रिचर्डसन यांच्या गटाने उंदरांना एक अवघड चाक दिलं. त्याच्या आडव्या काड्यांमधलं अंतर कमी-जास्त होतं, त्यामुळे प्रत्येक पाऊल जमवावं लागे. साधे उंदीर सरावाने वेगात धावू लागले. ज्यांच्यात एक जनुक बंद करून नव्या ऑलिगोडेंड्रोसाइट तयार होणं थांबवलं होतं, ते मागे पडले. पण जनुक बंद करण्याआधीच शिकलेल्या उंदरांचं कौशल्य टिकून राहिलं. नवं शिकायला नव्या पेशी लागतात, शिकलेलं चालवायला नाही. पुढच्या प्रयोगांत हा फरक पहिल्या दोन-तीन तासांतच दिसला.

इथून पुढचं माझं अनुमान आहे. उंदराच्या चाकावरून शाळेतल्या मंडळापर्यंत थेट पुरावा नाही, आणि उपक्रमांतली मुलं अभ्यासातही पुढे असतात एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. मुळात उत्साही, सुस्थितीतल्या घरची मुलंच जास्त नावं देत असतील. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून केलेले अभ्यास थोडे आहेत. टोरांटोत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात सहा वर्षांच्या १४४ मुलांना संगीत, नाटक किंवा काहीच नाही असं वाटून दिलं होतं. संगीताच्या गटात बुद्ध्यंकाची वाढ किंचित जास्त दिसली, पण नंतरच्या अभ्यासांतून तिला पक्का दुजोरा मिळाला नाही. नाटकवाल्या मुलांचं इतरांशी वागणं मात्र सुधारलं. म्हणून "नाटकात घाला, गुण वाढतील" असं मी म्हणणार नाही. चौदाव्या वर्षी मेंदूच्या वाटांवर अजून काम चालू आहे, तेव्हा त्या वाटा वेगवेगळ्या प्रकारांनी वापरल्या जाव्यात, एवढं मात्र ठामपणे म्हणेन.

या वयाच्या पालकांना गाठणारा धंदाही वेगळाच आहे. "मिडब्रेन अ‍ॅक्टिवेशन" करून मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतं म्हणे. मध्यमेंदू जागा नसेल तर माणूसच जागा राहणार नाही; तो कुणी हजारो रुपये घेऊन सुरू करण्याची गरज नाही. वाचन होतं ते नाकाजवळच्या फटीतून. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणाऱ्या चाचण्यांनाही काही आधार नाही. कल कळतो तो करून पाहिल्यावर, आणि विज्ञान मंडळाची वर्गणी याहून फार स्वस्त पडते.

शाळेत मंडळ नसलं तरी वाटा आहेत. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत दहा ते सतरा वयाची मुलं गावातलाच प्रश्न घेऊन प्रकल्प करतात. विहिरीची पातळी दर आठवड्याला मोजायची, आकडे जुळले नाहीत की भांडायचं, पुन्हा मोजायचं, मग परीक्षकांपुढे उभं राहायचं. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणते. एनसीसी, स्काउट, हरित सेना अनेक शाळांत असतेच.

नववी-दहावीत मात्र चार ठिकाणी नाव घालू नये. एकच उपक्रम, आठवड्यातून दोन-तीन तास, आणि निवड मुलाची. हा वेळ झोपेतून काढायचा नाही. तेरा ते अठरा वयाला रोज आठ ते दहा तास झोप हवी, आणि दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं बरंच काम त्या झोपेत होतं. सकाळची शाळा, दुपारी एक क्लास, संध्याकाळी दुसरा असं वेळापत्रक असेल, तर सोडायचाच झाला तर तो दुसरा क्लास सोडावा.