जुन्या मोटारींचे तापणे आणि विजेचा रेडिएटर पंखा

इंजिनाच्या फॅन बेल्टवर फिरणाऱ्या मूळ पंख्याऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, रेडिएटरवर बसवलेला १२ व्होल्टचा पंखा. पुण्यात हा बदल मुख्यतः फियाट ११००, प्रीमियर पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसडर या गाड्यांत केला जातो. गाडी सिग्नलला उभी असताना किंवा कोंडीत रांगत असताना तापत असेल, तरच हा उपाय लागू पडतो. मोकळ्या रस्त्यावर पळताना तापणाऱ्या गाडीला पंखा बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. तिचा दोष दुसरीकडे असतो आणि पंख्यामुळे तो काही दिवस झाकला जातो, एवढेच.

पद्मिनीचे १०८९ घ. सें.मी.चे किंवा जुन्या अ‍ॅम्बॅसडरचे १४८९ घ. सें.मी.चे इंजिन घेतले, तर दोन्हींत पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर बसतो. इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न देता मंद चालण्यावर) आले की पंप आणि पंखा दोन्ही एकदमच मंदावतात, आणि नेमकी तेव्हाच समोरून वाराही नसतो. ताशी ४०-५० कि.मी.च्या पुढे गाडी गेली की जाळीतून येणारा वारा पुरेसा असतो. स्वारगेट किंवा विद्यापीठ चौकात संध्याकाळी अर्धा तास अडकणारी गाडी मात्र पूर्णपणे पंख्यावर अवलंबून राहते.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. येथे उघडे पाणी १०० नव्हे, साधारण ९८ अंशांना उकळते; महाबळेश्वरला ९५-९६ अंशांना. रेडिएटरचे झाकण ७ पीएसआय (पौंड प्रति चौ. इंच) दाब धरत असेल, तर पुण्यात ही मर्यादा ११० अंशांच्या आसपास जाते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग मेली की हे १२ अंश हातचे जातात. म्हणून कोणताही खर्च करण्याआधी झाकण बदलून पाहावे. नवे झाकण त्याच दाबाचे घ्यावे. जुन्या पितळी रेडिएटरवर १३ पीएसआयचे झाकण लावल्यास डाख दिलेले सांधे उलतात.

तापण्याचे निदान

गाडी कुठे तापते, हे आधी पाहावे. फक्त कोंडीत तापते आणि पुढे मोकळा रस्ता मिळताच काटा खाली येतो, तर हवा कमी पडते आहे. खंबाटकी घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये तापते आणि माथ्यावर सावरते, तर हवा आणि रेडिएटर दोन्ही तपासावे लागतात. सातारा रस्त्यावर ताशी ७० ला काटा चढतच राहतो, तर पाणी फिरत नाही: कोअरच्या (रेडिएटरच्या नळ्या-पाकळ्यांच्या गाभ्याच्या) नळ्या क्षाराने बुजल्या आहेत, पंपाची पाती झिजली आहेत, किंवा आतली स्प्रिंग गंजून गेलेला खालचा होज पाइप पंपाच्या ओढीने चपटा होतो. हा शेवटचा दोष उभ्या गाडीत सहसा दिसत नाही. बॉनेट उघडून ॲक्सिलरेटर देताना पाइपाकडे पाहिले तरच कळतो.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर काम सोपे होते. इंजिन तापल्यावर कोअरच्या तोंडावर आडवे-उभे मोजत जावे. आजूबाजूपेक्षा बरेच थंड लागणारे पट्टे म्हणजे बुजलेल्या नळ्या. असा रेडिएटर आधी रॉडिंगला (नळ्यांत सळई घालून साफ करायला) द्यावा. झाकण काढून गार इंजिन सुरू करताच पाण्यात सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालची सील) गेले आहे. इग्निशनचे टायमिंग मागे पडणे, कार्बोरेटरचे मिश्रण पातळ होणे आणि ब्रेक धरून राहणे यांनीही इंजिन तापते.

थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) काढून टाकण्याची आपल्याकडची जुनी सवय सोडावी. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट कमी करतो. तो नसला की काही पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जाते. शिवाय डिसेंबरच्या सकाळी इंजिन बराच वेळ गारच चालते, आणि सिलिंडरची झीज वाढते. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा बसवावा.

पंख्याची निवड

मारुती ८०० चा पंखा आकाराने बहुधा जमतो आणि सहज मिळतो. नवा पंखा नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत, जुना बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात. जुना घेताना बॅटरीला जोडून फिरवावा, बेअरिंगचा आवाज ऐकावा आणि क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजावा. असे पंखे साधारण ६ ते १० अँपिअर घेतात. त्याहून बरेच जास्त घेणारी मोटर जाम होत चाललेली असते.

पंखा इंजिनाच्या बाजूला, हवा ओढणारा बसवणे चांगले. जागा नसेल तर जाळीच्या बाजूला ढकलणारा बसतो, पण तो पळत्या गाडीत येणारा वारा थोडा अडवतो. ओढणाऱ्या पंख्याच्या तारा उलटवून तो ढकलणारा करू नये: पात्याचा बाक एकाच दिशेसाठी असतो, आणि उलट फिरवल्यास हवा निम्म्याहूनही कमी होऊ शकते. बसवल्यावर जाळीसमोर वर्तमानपत्राचे पान धरावे. ते जाळीला चिकटले तर दिशा बरोबर.

शक्य असेल तर पंख्याभोवती पत्र्याचा आच्छादक करून घ्यावा, म्हणजे हवा संपूर्ण कोअरमधून ओढली जाते, फक्त पंख्याच्या वर्तुळातून नव्हे. पंखा कोअरच्या पाकळ्यांतून प्लास्टिकच्या दोऱ्या ओवून बांधण्याची पद्धत अत्यंत वाईट आहे. धक्क्यांनी दोरी नळीवर घासते आणि काही महिन्यांत गळती लागते. पंख्याचा भार पट्ट्यांवर आणि रेडिएटरच्या चौकटीवर यायला हवा.

मूळ पंखा काढला तर एका बारीक गोष्टीकडे लक्ष द्यावे. पुली आणि पंख्याचा पत्रा एकाच बोल्टांनी कसलेले असतात. पत्रा गेला की तेच बोल्ट आता लांब पडतात. ते तळाला टेकतात, घट्ट वाटतात, पण पुली ढिलीच राहते. आखूड बोल्ट किंवा तेवढ्याच जाडीची चकती घालावी. पुली, बेल्ट आणि पंप कायम राहतात.

डायनॅमोचा अडथळा

पुण्यातल्या बहुतेक फसलेल्या जोडण्या इथे फसतात. जुन्या गाड्यांत बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटर नसून डायनॅमो असतो. त्याची पूर्ण क्षमताच २२ अँपिअरच्या आसपास, आणि आयडलला तो जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे पंख्याची गरज जेव्हा सर्वांत जास्त, तेव्हा पंखा थेट बॅटरीतून खातो. रात्री हेडलाइट, पावसात वायपर आणि वर पंखा असे झाले की कोंडीतून बाहेर पडेपर्यंत बॅटरी उतरते. अशा गाडीत आधी अल्टरनेटर, मग पंखा. अल्टरनेटर नको असेल तर मूळ पंखा ठेवून विजेचा पंखा केवळ मदतीला, हातच्या स्विचवर ठेवावा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असते. तिथे अल्टरनेटरपूर्वी अर्थ बदलावा लागतो.

जोडणी

पंखा कधीही डॅशबोर्डच्या स्विचमधून थेट चालवू नये. स्विच आणि जुन्या तारा तापतात. ३० अँपिअरचा रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा विजेचा स्विच) घ्यावा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २० अँपिअरच्या फ्यूजमधून ३० क्रमांकाच्या पिनला २.५ चौ. मि.मी.ची तार, अंतर जास्त असेल तर ४ चौ. मि.मी.ची. ८७ वरून पंख्याला. ८६ ला इग्निशनमधून येणारी तार, आणि ८५ थर्मोस्विचमार्गे (पाण्याच्या तापमानावर जोडणारा-तोडणारा स्विच) अर्थला. चालू होताना पंखा क्षणभर दुप्पट-तिप्पट प्रवाह ओढतो, म्हणून १० अँपिअरचा फ्यूज टिकत नाही. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा.

थर्मोस्विच ९२-९५ अंशांना जोडणारा आणि ८७ च्या सुमारास तोडणारा असावा. हा तोडण्याचा आकडा थर्मोस्टॅटच्या आकड्याइतकाच किंवा त्याहून कमी असेल तर पंखा थांबतच नाही. स्विच रेडिएटरच्या टाकीत डाख देऊन बसवलेल्या पितळी नटात उत्तम बसतो. वरच्या होज पाइपात अ‍ॅडॉप्टर घालून बसवला आणि स्विच एकाच टोकाचा असेल, तर अ‍ॅडॉप्टरला स्वतंत्र अर्थ तार द्यावी: दोन्ही बाजूंना रबर असते, त्यामुळे तिथे अर्थ मिळतच नाही आणि पंखा कधीच लागत नाही. थर्मोस्विचला समांतर एक हातचा स्विच ठेवावा. थर्मोस्विच बिघडला तर घाटात तोच कामी येतो.

भरणे आणि चाचणी

बोअरवेलचे पाणी वापरू नये. त्यातील क्षारच नळ्या बुजवतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ३० टक्के कूलंट पुण्याला पुरते. येथे गोठण्याचा प्रश्न नाही, आणि पाणी जास्त असेल तर उष्णता अधिक वाहून नेली जाते. भरताना गाडीचे तोंड चढावर ठेवावे, हीटर असेल तर त्याचा नळ उघडावा आणि आतली हवा निघेपर्यंत इंजिन झाकणाविना आयडलला चालवावे. तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये.

नंतर गाडी उभी ठेवून बॉनेट बंद करून चालवावी. पंखा लागला की काही मिनिटांत तो आपोआप बंद व्हायला हवा. लागल्यावर थांबतच नसेल तर हवा कोअरला वळसा घालते आहे, किंवा स्विचचा आकडा चुकला आहे. पंखा चालू असताना आणि हेडलाइट लावून बॅटरीवर १३ व्होल्टच्या वर दिसले तर विजेची बाजू ठीक. हे सगळे जमल्यावरच दिवे घाट चढून सासवडला जाऊन यावे.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरील गाडीची विंटेज म्हणून नोंदणी होते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत. म्हणून पंख्यासाठी पुढच्या पत्र्याला भोके पाडू नयेत, आणि काढलेला मूळ पंखा बोल्टांसकट जपून ठेवावा.