आवाज डावीकडे, दोष उजवीकडे

आमच्या सोसायटीच्या फाटकापासून पार्किंगपर्यंत जेमतेम साठ मीटरचा पेव्हर ब्लॉकचा रस्ता आहे. गेला पावसाळा सरला आणि त्या साठ मीटरांत आमची २००८ सालची हॅचबॅक बोलायला लागली. टक-टक-टक-टक. लाकडी डबीत सुपारी हलवावी तसा कोरडा आवाज. पुढून, डावीकडून, डॅशबोर्डच्या खाली कुठेतरी. हायवेला गाडी चिडीचूप. मोठ्या खड्ड्यात आदळली तरी नेहमीचा धप्प, बाकी काही नाही. पेव्हर ब्लॉक आले की पुन्हा टक-टक.

गॅरेजवाल्याने जॅक लावून डावं चाक उचललं, दोन्ही हातांनी हलवलं, टॉमी (लोखंडी पहार) घालून लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, ताणून पाहिला. "ताई, सगळं टाइट आहे. शॉकअप गेलेत." पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. गाडी आधीपेक्षा बरी चालायला लागली हे खरं. इतक्या वर्षांचे शॉकअप तसेही थकलेलेच होते. टक-टक मात्र जिथल्या तिथे.

अकरावी-बारावीच्या मुलांना ध्वनी शिकवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत. बिल भरताना जाणवलं, की आपण कानावर विश्वास ठेवला तिथेच चुकलो.

आवाजाची दिशा ओळखताना मेंदू दोन कानांत तुलना करतो. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानात आधी पोहोचतो, उजव्यात नंतर. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाचा दीड हजारावा भाग असतो, तरी मेंदूला तेवढा पुरतो. जाड, म्हणजे खालच्या पट्टीच्या आवाजांसाठी ही वेळेची तुलना आणि वरच्या पट्टीच्या आवाजांसाठी लहान-मोठेपणाची, अशी दुहेरी विभागणी लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडली आणि ती ढोबळमानाने आजही टिकून आहे. पण तिच्यात एक गृहीत दडलेलं आहे: आवाज उगमापासून हवेतून थेट कानाशी यायला हवा.

गाडीत तसं होत नाही. चाकाजवळचा ठोका लोखंडातून निघतो. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर धावतो, हवेतल्या वेगाच्या जवळपास पंधरा पट. क्षणार्धात तो आर्म, सबफ्रेम, बॉडी असा सगळीकडे पसरतो आणि जो पत्रा त्याला चटकन साथ देतो, तो वाजतो. आपण ऐकतो तो पत्रा. म्हणून आवाजाचा पोतही फसवा असतो. तो ठोका देणाऱ्यापेक्षा ठोका खाणाऱ्याबद्दल जास्त सांगतो. त्यात काचा आणि छतावरून परतणारे ध्वनी मिसळतात. १०० हर्ट्झच्या (सेकंदाला शंभर कंपनं) आवाजाची हवेतली तरंगलांबीच सुमारे ३.४ मीटर, म्हणजे छोट्या गाडीच्या अख्ख्या केबिनपेक्षा मोठी. अशा आवाजाला डावं-उजवं कसलं लावणार?

मग 'कुठून येतो' हे सोडून 'कधी येतो आणि कधी थांबतो' याची वही घातली. यात थांबतो कधी हे जास्त मोलाचं निघालं.

सस्पेन्शनच्या सांध्यात झीज झाली की मेस्त्री म्हणतात 'प्ले आलाय'. म्हणजे गोळा आणि त्याची वाटी यांच्यात फट पडली. नुसत्या फटीचा आवाज होत नाही. सांध्यावरचा जोर एकाच दिशेला असेल तर गोळा वाटीच्या एका कडेला दाबून बसतो आणि गप्प राहतो. जोर उलटसुलट व्हायला लागला, की गोळा या कडेवरून त्या कडेवर आपटतो: टक. सांधा कितीही झिजलेला असो, त्याला सतत एका बाजूला रेटा मिळाला तर तो निरोगी असल्याचं सोंग वठवतो. मोठ्या खड्ड्यात शांतता आणि ब्लॉकवर कटकट, याचं इंगित मला इथे दिसलं.

आता पेव्हर ब्लॉक. नेहमीचा आयताकृती ब्लॉक २० सेंटिमीटर लांब असतो. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २.८ मीटर, चाकाला सेकंदाला सुमारे १४ धक्के. गाडीचा वरचा डोलारा स्प्रिंगवर सेकंदाला एक-दीड वेळाच झुलतो. पण चाक, ब्रेक, हब हा खालचा ऐवज एका बाजूला टायर आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंग यांच्यात अडकलेला असतो आणि त्याची स्वतःची लय १० ते १५ हर्ट्झच्या घरात असते. आमचे ब्लॉक बरोबर त्या लयीत टाळ्या वाजवत होते. झोपाळ्याला वेळेवर धक्के द्यावेत तसं चाक नाचतं, दर नाचाला सांध्यावरचा जोर दोनदा उलटतो. ताशी ४० ने गेलं तर धक्के सेकंदाला पन्नासच्या वर जातात, तेवढ्या घाईने चाक हलूच शकत नाही आणि खालचं सगळं निवांत होतं. (सोसायटीत ताशी ४० ने गाडी नेऊन पाहण्याचं धाडस मी केलेलं नाही. वॉचमनकाका ओळखीचे आहेत.)

संशयित तरीही बरेच उरतात. डिकी आधी रिकामी केली. स्टेपनी, जॅक, पाने सगळं घरात. अनेक 'सस्पेन्शनचे' आवाज स्टेपनीच्या सैल बोल्टाचे असतात. मग ब्लॉकवरून जाताना ब्रेक अगदी हलका दाबून ठेवला. आवाज बंद झाला असता तर कॅलिपर किंवा पॅड सैल. झाला नाही. उभ्या गाडीचं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं; शॉकअपच्या डोक्यावरचं बेअरिंग अडकलेलं असेल तर स्प्रिंग पिळली जाऊन टंग करून सुटते. तेही नाही.

खरा निकाल लावला स्पीडब्रेकरने. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे. आमच्या रस्त्यावरचा कुणीतरी घमेल्याने ओतून केलेला आहे, पण प्रयोगाला उत्तम. सरळ गेले, दोन्ही पुढची चाकं एकदम चढली: शांतता. तिरकी गेले, आधी एक चाक मग दुसरं: टक, टक. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. मागच्या रिक्षावाल्याला काय वाटलं असेल ते असो.

दोन्ही चाकं एकत्र हलली तर गप्प आणि वेगवेगळी हलली तरच बोलणारा भाग म्हणजे स्टॅबिलायझर बार. वाकवून कंसासारखी केलेली ही पोलादी दांडी पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी जोडते. वळणावर गाडी कलायला लागली, एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं, की दांडी पिळली जाते आणि तो पीळ कलण्याला विरोध करतो. दोन्ही चाकं बरोबरीने वर गेली तर ती नुसती आपल्या बुशांत, म्हणजे रबरी पकडींत, फिरते. तिची टोकं चाकाच्या बाजूला बांधणारा वीतभर लांबीचा दुवा म्हणजे लिंक रॉड, दोन टोकांना दोन छोटे गोळे.

पण पहिल्या गॅरेजमध्ये लिंक रॉडही पाहिलाच होता की! याचं उत्तर दुसऱ्या मेस्त्रींनी दिलं. वय साठीच्या पुढे, गल्लीत सगळे त्यांना भाऊ म्हणतात. माझी वही त्यांनी ऐकून घेतली, हसले. "जॅकवर घेतली होती ना? एकच चाक?"

"हो."

"मग कसा सापडंल? दांडी पिळून बसली."

मला माझाच धडा परत मिळाला. एक चाक उचललं की ते खाली लोंबतं आणि दुसरं गाडीच्या वजनाखाली दबलेलं राहतं. म्हणजे दांडीला पीळ, लिंकवर ताण आणि गोळा वाटीच्या कडेला घट्ट. तपासणीनेच पुरावा झाकला. भाऊंनी गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली, चारही चाकं जमिनीवर, दांडी मोकळी. खाली उतरून डावी लिंक धरून हलवली: काही नाही. उजवी हलवली. टक.

उजवी! दांडीच ती, या टोकाचा ठोका त्या टोकाला पोहोचवणं तिला जड नव्हतं आणि डावीकडचा कुठलासा पत्रा वाजायला तयारच बसला होता. भाऊंनी मला खाली बोलावून माझी बोटं सांध्यावर टेकवली. आवाज बारीक होता, पण बोटांना ठोका स्वच्छ लागला. आपल्या कातडीत खोलवर पॅसिनीच्या कणिका असतात. २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपासची, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान थरथर त्यांना कळते आणि बोट जिथे टेकलंय तिथलीच कळते. कानाला गाडीत हे जमत नाही.

लिंक रॉड सहा-सातशे रुपयांचा. तो वाजला म्हणून चाक निखळत नाही. लोअर आर्मच्या बॉल जॉइंटला प्ले असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तो सुटला तर चाक आडवं होतं, तेव्हा ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जाऊ नये.

लिंक बसवून झाल्यावर भाऊंनी लोअर आर्मचे बोल्ट ढिले करून गाडी चाकांवर उभी असतानाच पुन्हा आवळले. शॉकअप बदलणाऱ्याने ते गाडी लोंबकळत असताना आवळले असावेत, असा त्यांचा अंदाज. आर्मच्या बुशमधलं रबर घसरत नाही, पिळतं. लोंबत्या स्थितीत आवळलं तर गाडी खाली येताच ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. कुरकुर करणाऱ्या बुशांवर डिझेल मारण्याची पद्धतही त्यांना मान्य नाही. दोन-चार दिवस कुरकुर थांबते, कारण अडखळत घसरणाऱ्या पृष्ठभागांना वंगण मिळतं. पण खनिज तेल शोषून नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं.

जुना लिंक मी मागून घेतला. गोळ्यावरचं रबरी टोपण एका बाजूने चिरलेलं, आत ग्रीसऐवजी गंजाचं तांबूस पाणी आणि बारीक रेती. कॉलेजच्या वर्नियरने मोजलं तर गोळा वाटीत ०.८ मिलिमीटर हलत होता. आता तो माझ्या टेबलावर असतो. मुलांना डोळे मिटायला सांगते, वर्गात कुठेतरी उभी राहून तो हलवते आणि आवाजाच्या दिशेला बोट दाखवायला लावते. एकाचंही बोट चुकत नाही.