वैद्यकीय इच्छापत्र: कोणी करायचे, कुठे द्यायचे आणि व्हेंटिलेटर काढताना काय लागते

वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजेच लिव्हिंग विल, हे मृत्युपत्र नव्हे. घर-जमिनीचा विषय त्यात आणू नका. आजार बरा होण्याची आशा नाही आणि रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, अशा वेळी कोणते उपचार नकोत, ते आधीच सांगणारा हा कागद. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी त्याला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी अटी सोप्या केल्या.

करणारी व्यक्ती सज्ञान आणि मनाने सक्षम हवी. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, साक्षीदार शक्यतो त्रयस्थ. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन. आधी यासाठी न्यायदंडाधिकारी लागत. त्या भानगडीत कोण पडणार! आपल्या वतीने बोलणाऱ्या एक-दोन नातेवाइकांची नावे घाला.

खरी चूक मजकुरात होते. ‘मला यातना नकोत’ एवढ्यावर डॉक्टर काहीच ठरवू शकत नाहीत. व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय सुरू करणे, नळीने अन्न, यांतले काय आणि कोणत्या अवस्थेत नको, ते नाव घेऊन लिहा. संदिग्ध इच्छापत्र लागू होत नाही. दुसरी चूक म्हणजे कागद कपाटात राहणे. एक प्रत नेमलेल्या नातेवाइकाला, एक फॅमिली डॉक्टरला, एक स्थानिक संस्थेच्या अभिरक्षकाकडे (हे कागद सांभाळणारा अधिकारी): नाशिक शहरात महापालिका, सिन्नरला नगरपरिषद, खेड्यात ग्रामपंचायत. पोच घ्या. विचार बदलला तर लेखी रद्द करता येते.

आयसीयूत वेळ आली की रुग्णालय प्राथमिक मंडळ नेमते: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ. उपचार थांबवायचे का, यावर मत शक्यतो ४८ तासांत. मग दुय्यम मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि वेगळे दोन तज्ज्ञ, मुदत तीच. या डॉक्टरची नेमणूक आधीच करून घेतलेली नसेल तर गाडी इथेच अडते. दोन्ही मंडळांचा होकार आणि नातेवाइकांची संमती मिळाली की उपचार थांबवण्यापूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचे. कळवायचे, परवानगी मागायची नाही.

इच्छापत्र नसले तरी कुटुंबाच्या संमतीने हाच मार्ग खुला आहे. वेदनाशामक उपचार मात्र शेवटपर्यंत चालू राहतात, आणि मृत्यूसाठी इंजेक्शन देणे आजही गुन्हाच. मंडळाने नकार दिला तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येते. नाशिककरांसाठी ते मुंबईत.