आरे: फॉरवर्डची हरकत कशी झाली

मुंबईतल्या आरे वसाहतीतली झाडं वाचवायची लढाई ट्विटरवर जन्मली असं म्हणणाऱ्यांनी बहुधा तिथला प्रजापूरपाडा पाहिलेला नसतो. १९४९मध्ये दुग्धवसाहत वसली, त्याच्या कितीतरी आधीपासून इथे वारल्यांचे पाडे आहेत; आज सगळे मिळून २७. कुलाबा-वांद्रे-सीप्झ मेट्रोची कारशेड, म्हणजे गाड्या उभ्या करायची आणि दुरुस्तीची जागा, इथल्या सुमारे ३० हेक्टरांवर येणार हे २०१४मध्ये कळलं, तेव्हा पाड्यांवर जमिनीची काळजी होती आणि शहरातल्यांना झाडांची. दोघांना जोडायचं काम फोनने केलं.

पण नुसत्या हॅशटॅगने काही होत नाही. खरी किल्ली होती १९७५च्या वृक्ष कायद्यात. झाडं तोडायची तर जाहीर नोटीस काढून लोकांच्या हरकती मागवाव्याच लागतात. एरवी ती नोटीस वाचतं कोण? इथे मात्र हरकतीचा तयार मजकूर व्हॉट्सॲपवरून सोसायटी-सोसायटीत फिरला. खाली नाव टाका, मेल करा, पुढे पाठवा. मजकूर सारखाच असला तरी हरकत ती हरकत. पालिकेकडे ८० हजारांहून जास्त जमा झाल्या.

तरीही २९ ऑगस्ट २०१९ रोजी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडांचा प्रस्ताव मंजूर केला: २,१८५ तोडायची, ४६१ दुसरीकडे लावायची. मग सप्टेंबरभर रविवारी पिकनिक पॉइंटजवळ मानवी साखळ्या.

४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने या तोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. अंधारात कोसळणाऱ्या झाडांचे व्हिडिओ फिरले, तसे लोक मिळेल त्या वाहनाने आरेकडे निघाले. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेलं पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून घेतलं आणि ७ तारखेला तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडं गेली होती.

पुढचं राजकारण सर्वांना पाठ आहे: कारशेडच्या कामाला सरकारची स्थगिती, आरेतलं ८०० एकर राखीव वन, कारशेड कांजूरमार्गला हलवायचा फेरा, २०२२मध्ये पुन्हा आरे. झाडांची मोजणी मात्र चालूच राहिली. मेट्रो महामंडळाला सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांसाठी अर्ज करण्याची मुभा दिली होती. प्राधिकरणाकडे प्रकरण गेलं त्यापेक्षा जास्त झाडांचं. एप्रिल २०२३मध्ये न्यायालयाने १७७ झाडं हटवू दिली, पण ८४च्या वरच्या झाडांसाठी प्राधिकरणाकडे गेल्याबद्दल महामंडळाला १० लाखांचा दंड ठोठावला.