अंगावरून पांढरं जाणं: तक्रार एक, आजार तीन

‘अंगावरून पांढरं जातंय’ हे बाई सांगते ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कशासाठी तरी दवाखान्यात आल्यावर, उठता उठता, आवाज खाली करून. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांना तपासलं. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष आले: ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. हे आकडे वाचून आजही गलबलतं.

थोडा पांढरा स्राव प्रत्येकीला असतोच. वास, खाज, जळजळ नसेल तर घाबरू नये. योनीत दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद, लॅक्टोबॅसिलस, राहतात. त्यांच्या आम्लामुळे तिथला पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि इतरांना थारा मिळत नाही. साबणाने किंवा जंतुनाशकाने आत धुतलं की मार बसतो तो या राखणदारांनाच.

निदानाला लागतं काय? पीएचची कागदपट्टी, सूक्ष्मदर्शक आणि काचेवर स्रावाचा थेंब. पेशींच्या कडा वाळू चिकटल्यासारख्या धूसर, पीएच ४.५ च्या वर, आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकताच मासळीचा वास: हा बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचा बिघडलेला तोल. नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा स्राव, जीव नकोसा करणारी खाज आणि काचेवर बुरशीचे धागे, म्हणजे कॅन्डिडा. यात पीएच सहसा बिघडत नाही. मधुमेहात आणि अँटिबायोटिक्सनंतर ही बुरशी बळावते. गचके देत पोहणारा जीव दिसला, तर ट्रायकोमोनास, लैंगिक संबंधातून पसरणारा एकपेशी परजीवी. थेंब ताजाच बघावा लागतो. उशीर झाला की तो हलेनासा होतो.

म्हणूनच मेडिकलमधून आणलेली मैत्रिणीची गोळी चालत नाही. कॅन्डिडाला फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी बहुधा पुरते. गरोदरपणात मात्र ती टाळून क्लोट्रिमॅझोल आत ठेवायला देतात. बाकी दोन्हींना मेट्रोनिडॅझोल, साधारण सात दिवस. सूक्ष्मदर्शक नसेल तिथे सरकारी दवाखान्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल असं हिरवं किट मिळतं. सोय चांगली आहे, पण त्रास परतला तर काच तपासायला सांगाच. ओटीपोटात दुखणं किंवा ताप असेल तर थांबू नका.

ट्रायकोमोनासमध्ये नवऱ्यानेही गोळ्या घ्यायच्या असतात. त्याला बहुधा काहीच त्रास नसतो, म्हणून तो टाळतो, आणि महिन्याभरात ती पुन्हा त्याच बाकावर येऊन बसते.