चार्ट प्लॉटर निवडताना: पडद्यामागचा इतिहास

शिडाच्या छोट्या होडीवर चार्ट प्लॉटर, म्हणजे समुद्री नकाशावर होडीची जागा दाखवणारं पडद्याचं यंत्र, बसवायचं ठरलं की चौकशी बहुधा पडद्यापासून सुरू होते. सात इंची पुरेल का, नऊ इंची घ्यावा? पण या एका डब्यात तीन निरनिराळ्या काळांतली कामं एकत्र आली आहेत. होडी कुठे आहे हे उपग्रह सांगतात, पाण्याखाली काय आहे हे नकाशा सांगतो, आणि वारा, खोली, वेग यांची माहिती होडीवरच्या इतर यंत्रांकडून तारेने येते. यांतलं सर्वांत जुनं अंग म्हणजे नकाशा. माझ्या मते सगळ्यात आधी चौकशी करावी ती त्याचीच.

पूर्वी होकायंत्राने दिशा, लॉगने वेग आणि घड्याळाने वेळ घेऊन कागदी नकाशावर पेन्सिलीने अंदाजी जागा मांडत. आकाश स्वच्छ असेल तर सेक्सटंटने, म्हणजे सूर्य-ताऱ्यांचा क्षितिजापासूनचा कोन मोजणाऱ्या उपकरणाने, ती पडताळत. दुसऱ्या महायुद्धात रेडिओलहरींवरून जागा काढायच्या पद्धती आल्या. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरताना सुरुंग काढणारी जहाजं अशाच डेक्का यंत्रणेच्या आधारे मार्गावर राहिली. पुढे डेक्का आणि त्याच जातीची लोरान या यंत्रणा मासेमारी नौकांपर्यंत आणि नंतर हौशी शिडनौकांपर्यंत पोचल्या. अमेरिकी नौदलाचे ट्रान्झिट उपग्रह १९६७ पासून नागरी वापरासाठी खुले झाले, पण उपग्रह डोक्यावरून जाईल तेव्हाच जागा कळे. दोन नोंदींमध्ये कधी तासाभराहून जास्त वेळ जाई, आणि तेवढ्या वेळात पुन्हा पेन्सिलच हाती.

जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सुटला. १९८३ मध्ये वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियाचं प्रवासी विमान पाडण्यात आलं आणि २६९ जणांचा जीव गेला. त्यानंतर अमेरिकेने ही यंत्रणा नागरी वापरासाठी देण्याचं जाहीर केलं. १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने सुरू झाली, तरी नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. जागा सुमारे १०० मीटरपर्यंत हुकायची, आणि अरुंद खाडीच्या तोंडाशी तेवढ्यात होडी पडद्यावर जमिनीवर चढलेली दिसे. मे २००० मध्ये ही चूक मिसळणं थांबलं. त्या रात्रीपासून साध्या जीपीएस यंत्राचीही अचूकता काही मीटरांवर आली, आणि प्लॉटरवर भिस्त ठेवायची सवय खऱ्या अर्थाने तिथून रुजली.

प्लॉटर स्वतः मात्र त्याहून जुना. १९८४ मध्ये इटलीत नॅव्हिऑनिक्स कंपनीने ‘जिओनॅव्ह’ बाजारात आणला. जीपीएस तेव्हा अपुरं होतं, म्हणून त्या पिढीचे प्लॉटर लोरानसारख्या यंत्रणेकडून जागा घेत. नकाशे छोट्या कार्ट्रिजमध्ये येत. एका कंपनीचं कार्ट्रिज दुसरीच्या यंत्रात चालत नसे, आणि हा बंदिस्तपणा थोड्या वेगळ्या रूपात अजून टिकून आहे. म्हणून यंत्र पसंत करण्याआधी आपल्या पाण्याचे नकाशे त्याच्यासाठी कोण देतं, किती तपशिलाने देतं आणि त्यांची दुरुस्ती किती काळ, कशी मिळणार हे विचारून घ्यावं. पडदा मोठा घेतला म्हणून नकाशा सुधारत नाही.

नकाशांच्या दोन जाती आहेत. रास्टर म्हणजे कागदी नकाशाचं हुबेहूब चित्र. कितीही मोठं करा, आहे तेवढंच दिसतं. व्हेक्टर म्हणजे खडक, बोया (पाण्यावर तरंगत्या खुणा), खोलीच्या रेषा अशा वेगवेगळ्या नोंदी. प्रमाण बदललं की यंत्र काही नोंदी दाखवतं, काही झाकतं. पडदा स्वच्छ राहतो, पण झाकलेल्यात खडकही असू शकतो. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी व्होल्वो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शिडनौका-शर्यतीतली ‘टीम व्हेस्टास विंड’ ही नौका हिंदी महासागरात मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोस प्रवाळबेटांवर रात्री आदळली. उथळ जागा नकाशात होती. पण ज्या प्रमाणावर मार्ग पाहिला गेला त्यावर धोका नीट दिसत नव्हता, आणि पुरेसं जवळ जाऊन कोणी पाहिलं नाही. नऊही जण वाचले. इतक्या कसलेल्या माणसांच्या हातून हे झालं, त्यामुळे आखलेला मार्ग सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठा करून तपासायला पर्याय नाही असं मला ठामपणे वाटतं. त्या दृष्टीने प्लॉटर हाताळून पाहावा: नकाशा लहानमोठा करताना तो अडखळतो का, ओल्या हाताने जमतं का, लाटेत बोट नेमकं टेकतं का. मी तरी बटणं असलेला घेईन.

नकाशामागचं मोजमाप तर आणखी जुनं असतं. शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडून वावांत मोजलेल्या खोल्या कित्येक किनाऱ्यांच्या नकाशांत आजही आहेत. दोन मापांच्या मधला खडक दोरीला कळत नाही. सर्वेक्षण किती भरवशाचं याचे वर्ग अधिकृत इलेक्ट्रॉनिक नकाशांत दिलेले असतात. ए१ वर्गात जागेची अचूकता साधारण ५ मीटर, तर सी वर्गात ५०० मीटर, आणि डी त्याहूनही खालचा. होडीचा ठिपका अगदी बरोबर असेल, पण शेजारचा खडकच अर्धा किलोमीटर सरकलेला असू शकतो. हा वर्ग पडद्यावर दिसतो का, हे विकणाऱ्याला जरूर विचारा.

तारेचं प्रकरण थोडक्यात. होडीवरची यंत्रं एकमेकांशी ठरावीक मानकाने बोलतात. १९८३ चं एनएमईए ०१८३ हे मानक सेकंदाला ४८०० बिट इतक्या संथ गतीचं, एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असं. त्यानंतरच्या ‘एनएमईए २०००’ या मानकात सगळी यंत्रं एकाच तारेवर बोलतात. जुन्या होडीवर जुना वातमापक असेल तर नवा प्लॉटर त्याचं ऐकतो का, एवढं बघावं. शिडाच्या होडीला हे जास्त लागू, कारण तिला वाऱ्याच्या तोंडावर थेट जाता येत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून नागमोडी जावं लागतं. मोटरबोटीसाठी घडवलेला प्लॉटर सरळ रेघ आखून पोचण्याची वेळ सांगतो, आणि वारा समोरून असेल तर ती वेळ निरुपयोगी ठरते. वाऱ्याचा हिशेब धरून वळायची जागा दाखवणारी सोय यासाठीच आली. शिवाय इंजिन बंद असताना सगळं बॅटरीवर चालतं, तेव्हा यंत्र किती वीज खातं हा आकडा माहितीपत्रकात आधी शोधावा.

मोठ्या जहाजांसाठी इलेक्ट्रॉनिक नकाशायंत्रणा २०१२ ते २०१८ दरम्यान टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. तिला मान्यतेचे कडक निकष आहेत आणि पर्यायी व्यवस्थाही लागते. छोट्या होडीच्या प्लॉटरला ते निकष लागत नाहीत, त्यामुळे दुसरी सोय तांडेलालाच करावी लागते. आजवर ती सोय म्हणजे कागद होता. अमेरिकेचे समुद्री नकाशे काढणाऱ्या नोआ या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये पारंपरिक कागदी नकाशे बंद करण्याचं जाहीर केलं आणि २०२५ च्या सुरुवातीपर्यंत ते संपवले. ब्रिटिश जलालेखन कार्यालयाने आपले कागदी नकाशे बंद करण्याची २०२६ ची मुदत पुढे ढकलून किमान २०३० केली आहे. प्लॉटरचा खर्च धरताना स्वतःची बॅटरी आणि आधीच उतरवलेले नकाशे असलेला एक वेगळा टॅबलेट, आणि मिळतात तोवर आपल्या पाण्याचे कागदी नकाशे, त्याच हिशेबात धरावेत.