कॅसेट अडॅप्टरने गाडीचा डेक खराब होतो?

जुन्या गाडीत कंपनीचाच कॅसेटवाला स्टिरिओ असेल आणि आयपॉड लावायचा विषय निघाला की कोणीतरी सांगतंच, अडॅप्टर (कॅसेटच्याच आकाराचा, वायरने प्लेअरला जोडायचा डबा) घालू नको, हेड (डेकमधला टेप वाचणारा भाग) जळतं. वर्षानुवर्षं हेच ऐकतोय आणि या भीतीपोटी लोक चांगले चालू डेक काढून फेकतात याचं खरंच वाईट वाटतं.

आत काय होतं ते बघा. अडॅप्टर उघडलात तर टेप नसतेच, कडेला एक छोटं हेड असतं, ते डेकच्या हेडला चिकटून बसतं आणि प्लेअरमधून आलेल्या सिग्नलचं बारीकसं चुंबकीय क्षेत्र तयार करतं. डेकला वाटतं टेपच वाजतेय. खऱ्या कॅसेटमध्ये सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर टेप हेडवर घासत जाते, इथे ते घासणंच नाही, मग झिजणार कसं? जळण्याइतका करंटही त्यात नसतो.

मग आवाज फाटतो का? बहुतेक वेळा प्लेअरचा व्हॉल्यूम फुल असतो म्हणून, तो थोडा खाली आणा आणि बाकीचा गाडीच्या नॉबने वाढवा, डॉल्बी (टेपची खरखर कमी करणारी सोय) असेल तर बंद. ऑटो रिव्हर्स डेक सारखी बाजू बदलत असेल किंवा कॅसेट बाहेर टाकत असेल तर अडॅप्टरमधली प्लास्टिकची चाकं अडकलीयेत का बघा, कारण रीळ फिरत नाही असं वाटलं की डेक तसंच करतो. चार्जिंगला लावल्यावर कुंई आवाज आला तर तो ग्राउंडचा, म्हणजे अर्थिंगचा लोचा आहे, चार्जर काढून बघा.